पिन कुणी काढली?

मी काचेचा सिलिंडर बोलतोय. पोटात कोंडलेली हवा आणि थर्मामीटर, वर पितळी दट्ट्या, त्यावर वजन आणि दट्ट्या अडवून धरणारी एक पिन. ओळख झाली, आता लांबूनच बोला. माणसांवर माझा विश्वास नाही.

प्रयोगशाळेची उपकरणं बनवणाऱ्या दोन भावांच्या कारखान्यात मी जन्मलो. धाकटा रोज दुपारी नाहीसा व्हायचा. थोरला पुटपुटायचा, "जातो कुठं हा? दुसऱ्या कारखान्यात तर नाही?"

त्यात माझी चाचणी आली. थोरल्याने पिन लावून मला तापवलं. दट्ट्या हलेना, म्हणून सगळी उष्णता माझ्या आतल्या ऊर्जेत गेली आणि पारा सरसर चढला. मी निवल्यावर धाकट्याची पाळी आली. हवा गळली तरी पिनेमुळे दट्ट्या खाली येत नाही, म्हणजे दादाच्या पिनेआड गळती लपली असणार, असं त्याच्या मनात आलं आणि त्याने ती गुपचूप काढली. उष्णता तेवढीच दिली, पण पारा कमी चढला.

"उष्णता गेली कुठं?" थोरला कडाडला. "माल गळका करतोस, वर दुपारी गायब! पुरे झालं. वाटण्या करू."

"कर, दादा. तसाही तुझा माझ्यावर भरवसा कुठंय?"

मला तर दोघांचाही संशय येऊ लागला. म्हणे गळका! पण मला विचारतो कोण?

थोरल्याची बायको चहा घेऊन आली आणि माझ्यापाशी थबकली. कारखान्यातली अर्धी उपकरणं तीच तपासायची.

"अहो, हे वजन काय आपोआप वर चढलं? पिन नसली की थोडी उष्णता उचलण्यात खर्च होते. मग तेवढंच तापवायला जास्त उष्णता लागणारच. गळती कसली नि काय!" मग तिचा आवाज उतरला. "आणि भाऊजी दुपारी कुठं जातात तेही ऐका. आईंना उचलून गच्चीवर उन्हात नेतात. तुमच्या कामाचा खोळंबा नको, म्हणून आईंनीच सांगू दिलं नाही."

थोरल्याची मान खाली गेली. वाटण्यांचं नाव पुन्हा निघालं नाही.

आता मी नमुना म्हणून खिडकीत उभा असतो. माझ्या आत किती ऊर्जा आहे ते तापमानावरून कळतं, मग पिन असो वा नसो. माणसांच्या आतलं सांगणारा थर्मामीटर नाही, म्हणून माझा संशय काही जात नाही. तुम्हीही घ्या संशय. पण काही कमी पडलं, तर आधी बघा, कुणी कुठं काही उचललंय का.

हल्ली दुपारी दोघंही गायब होतात. जिन्यावर पावलं वाजतात आणि म्हातारीचा आवाज येतो, "हळू रे! आता मला उचलण्यावरून भांडू नका."