कॅसेटमधलं भूत

"फिट थांबल्या म्हणून गोळी थांबवू नका, आणि घरातलं दुसरं कुणी थांबवत नाही ना, तेही बघा," असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी हसले होते. बी.एस्सी. झालेल्या बाईच्या घरात असं कसं होईल?

महिन्याभरात चारूला, माझ्या चार वर्षांच्या लेकीला, पुन्हा फिट आली. सासूबाईंनी रडत पदराखालून एक कॅसेट काढली.

"रागावू नको वं अरुंधती. महाराजानं भूत यात काढून देल्लं होतं. कन्हान नदीत सोडाचं राहिलं, म्हणून वापस आलं ते."

"आणि गोळ्या?"

"त्यायनंच बंद कराले सांगतलं."

डॉक्टरांकडे जाऊन गोळी सुरू केली आणि गुरुवारी ती कॅसेट आणि सासूबाईंना घेऊन मीच इतवारी बाजारातला त्या महाराजांचा मठ गाठला.

पाय ठेवायला जागा नव्हती. हार घातलेला टीव्ही, त्यापुढे बटणांचं चपटं यंत्र, शेजारी टेपरेकॉर्डर. खुर्चीत दुखरे गुडघे धरून, भूत काढून घ्यायला बसलेले चंपतराव नावाचे म्हातारे.

"चार युगांचं ज्ञान हाय या कंप्युटरात!" बाबनराव महाराज गरजले. कोरी कॅसेट घातली, बटण दाबलं. कर्कश किंचाळी उठली, पडद्यावर पट्टे नाचले. "पाहा, भूत निघून राहिलं!" माणसांनी हात जोडले.

ती किंचाळी मी कॉलेजात शेकडो वेळा ऐकली होती. हा घरगुती संगणक वीज गेली की सगळं विसरतो. म्हणून त्यात लिहिलेलं आवाजाच्या रूपात कॅसेटवर उतरवतात आणि हवं तेव्हा तीच कॅसेट त्याला परत ऐकवतात. चार युगं कसली, त्यात चाळीस पानी वही जेमतेम मावते.

मी उठले. "महाराज, माझ्या लेकीचं भूत परत यंत्रात घालते."

"बाई, अनर्थ होईल!"

"होऊ द्या."

चेले धावले. सासूबाई आडव्या आल्या. "लाव हात माह्या सुनेले, लाव!"

मी यंत्राचा प्लग काढून पुन्हा लावला. पडदा कोरा. चारूची कॅसेट लावली. अर्धं मिनिट तीच किंचाळी, मग इंग्रजी अक्षरांत प्रश्न : नाव? मी 'बाबनराव' टाइप केलं.

उत्तर आलं, ते मी मोठ्यानं वाचलं : 'बाबनराव, पिशाच बाधा. औषध बंद. कॅसेट नदीत सोडा.'

मग चंपतराव म्हणाले, "काहून गा बाबनराव, तुले बी धरलं काय?" सारा मठ हसला.

सासूबाई हसल्या नाहीत. "लेकराची गोळी बंद करताना जीभ नाही अडखळली रे तुही?"

यंत्र खोटं बोलत नव्हतं. नाव विचार, तेच छाप, पुढे ठरलेलं वाक्य जोड, एवढंच त्याला शिकवलेलं होतं. नदीत कॅसेट सोडायला लावायची ती एवढ्यासाठीच, की ती कुणी परत लावून पाहू नये. नव्या यंत्रापुढेही हात जोडू नका. हात लावा, 'पुन्हा करून दाखवा' म्हणा.

निघताना मठाची नोंदवही चाळली. आदल्या गुरुवारी कुही गावची मनकर्णाबाई येऊन गेली होती. मुलगी सात वर्षांची, फिट येतात, 'औषध बंद'. पत्ता नव्हता. मी दोनदा कुहीला जाऊन आले, घर सापडलं नाही. तुम्ही त्या बाजूचे असाल, तर तेवढी मुलगी शोधा. कशी आहे ते पाहा.