चरबीचा मेंढा

"तोंड बघितलंस का गं त्याचं?" नासिएकूनं कुंपणापलीकडून विचारलं.

 नोलारीआई मेंढ्याच्या पाठीवर पाणी ओतून दोन्ही हातांनी चोळत होती. मेंढा तांबडा, नाकापासून खुरापर्यंत एका रंगाचा. शेपूट चरबीनं इतकी जड झालेली की चालताना ती आधी हलायची आणि मग मेंढा.

"मी काय विचारते?"

"वचनाच्या जनावराचं तोंड उघडत नाहीत. एवढी म्हातारी झालीस, माहीत नाही तुला?"

"उघडत नव्हते," नासिएकू म्हणाली. "तेव्हा जनावरांना दात होते."

मी आणि लेमायन तिथंच दोरी वळत बसलो होतो. लेमायन नोलारीआईचा मुलगा, माझ्या बरोबरीचा. आमची सुंता एका सकाळी झाली, म्हणून त्याची आई ती माझीही आई. मी हसलो. लेमायन हसला नाही. लग्न त्याचं होतं.

मेंढा त्या दिवशी तळ्यातल्या बेटावर न्यायचा होता. नवरीच्या, म्हणजे नाशिपाईच्या घरी तो कापला जाणार, त्याची चरबी कढवून नाशिपाईच्या डोक्याला आणि तिच्या आईच्या अंगाला लावणार, आणि मग मुलगी आमची होणार. गाई नंतरही देता येतात, पुढच्या वर्षीही देता येतात. हा मेंढा उधार चालत नाही. आणि तो बिनडागी लागतो. कान फाटलेला नको, शिंग तुटलेलं नको, अंगावर व्रण नको, लंगडा नको. आमच्या काठावर असं जनावर शोधणं म्हणजे मगरीच्या जबड्यात मासा शोधणं. कारण आमच्या काठावर मथेंगे आहे.

मथेंगे म्हणजे वेडी बाभूळ. ती आपण होऊन आली नाही. नोलारीआई नवी नवरी होती तेव्हा साहेब लोक ट्रक घेऊन आले. म्हणाले, झाडं लावा, नाहीतर वाळवंट येईल. काळ्या पिशव्यांतली रोपं वाटली. बायकांनी तळ्यातून पाठीवर पाणी वाहून ती जगवली, शेळ्यांपासून राखली, आणि त्याबद्दल मका आणि तेल घेतलं. कोणाचं रोप किती वाढलं यावरून विहिरीवर चढाओढ लागायची. साहेबांनी फोटो काढले आणि गेले. वाळवंट काही आलं नाही. मथेंगे आली. शेळ्यांनी गोड शेंगा खाल्ल्या, लेंड्यांतून बिया टाकल्या, आणि जिथं जिथं शेळी गेली तिथं तिथं रान उभं राहिलं. गवताचं माळरान गेलं, पाटाची शेतं गेली, वाटा गेल्या. तोडली तर एका बुंध्यातून दहा फांद्या. जाळली तर पावसानंतर पुन्हा हिरवी. नोलारीआईच्या नवऱ्याच्या घोट्यात काटा मोडला, पाय काळा पडला आणि गुडघ्याखाली कापावा लागला. आता तो दिवसभर मथेंगेच्याच सावलीत बसतो, कारण दुसरी सावलीच राहिलेली नाही.

आणि शेळ्यांचे दात. शेंगेतला गोडवा हिरड्यांत बसतो, दात किडतात, पडतात. मग शेळीला गवत तोडता येत नाही. ती भरल्या रानात उपाशी मरते.

मग साहेब परत आले. ते नव्हते, त्यांचे धाकटे भाऊ म्हणा. या वेळी म्हणाले, हे झाड फार उपयोगी आहे. कोळसा पाडा, खांब करा, मधाच्या पेट्या लावा, शेंगांचं पीठ दळा, जनावराला चारा. ज्यांनी रोग दिला तेच आता रोगाची भाजी करायला शिकवत होते. झाडाखाली सभा झाली, बिस्किटं वाटली. पीठ करून घातलं तर शेंग उत्तम खाद्य आहे, असं त्यांच्यातली एक बाई म्हणाली. पीठ थोडं आणि चारा जास्त, हे म्हणाली असेल तर कोणी ऐकलं नाही. मला विचाराल तर ती म्हणालीच नाही.

नोलारीआईनं ते ऐकलं आणि स्वतःचा हिशेब मांडला. दात मोडतात ते बीमुळे. बी दगडासारखी कठीण. बी काढून टाकली आणि शेंग कुटून मऊ केली तर दाताला काय होणार? शिवाय दात जातात ते शेळीचे, मेंढीचं तोंड वेगळं. आमच्या काठावरच्या शहाण्या बायकासुद्धा असंच मानायच्या. तेव्हा तिनं कोकरू असतानाच हा मेंढा निवडला, थुंकून आशीर्वाद दिला, वचनाचा केला. त्या दिवसापासून त्याला कळपाबरोबर सोडला नाही. बाहेर काटे. एक ओरखडा आला की संपलं. घरामागे बांधला आणि सकाळ-संध्याकाळ शेंगा कुटून त्याच्यापुढे ठेवल्या. मुसळही मथेंगेच्याच लाकडाचं, नवऱ्यानं बसल्या जागी तासून दिलेलं. रोज संध्याकाळी तिच्या घरून तो आवाज यायचा, धप्प, धप्प. लेमायन मोठा होत होता आणि मेंढा गोल होत होता.

त्याच्या अंगावर खरंच एक डाग नव्हता. तोंडाला मात्र काही दिवसांपासून आंबूस वास येत होता. मला आला होता, म्हणजे तिलाही आला असणार. पण वचनाच्या जनावराचं तोंड उघडणं म्हणजे दिलेल्या शब्दावर शंका घेणं. आणि उघडून बघितलं असतं तर दुसरा मेंढा होता कुठं?

तिनं आम्हाला बजावलं की मेंढा चालवायचा नाही, उचलून न्यायचा. तळ्याची वाट आता बोगद्यासारखी झाली आहे, दोन्ही बाजूंनी काटे आणि वरूनही काटे. मी त्याला मानेवर घेतला, चारही पाय पुढे धरले. लेमायन पुढे कुऱ्हाडीनं फांद्या तोडत चालला. मागून थोरले बाबा, म्हणजे लेमायनच्या बापाचे मोठे भाऊ. बापाला पाय नाही म्हणून बोलणी करायला ते. नोलारीआई माझ्या बाजूनं चालत होती आणि प्रत्येक वाकलेली फांदी स्वतःच्या अंगावर घेत होती. काठावर पोचलो तेव्हा तिच्या दंडावर रक्ताच्या रेघा होत्या. माझ्या टायरच्या चपलेतून एक काटा आरपार आला होता. मेंढ्याला काही नव्हतं.

"नवरा कोण यातला?" होडीवाल्यानं विचारलं. "सगळ्यात गुबगुबीत तर हाच दिसतो."

नोलारीआई तेवढी एकदा हसली. तिनं मेंढ्याच्या कपाळावर हात ठेवला, मग लेमायनच्या. बायका या कामाला बेटावर जात नाहीत. ती काठावरच्या दगडावर बसली आणि म्हणाली, "मी इथंच आहे."

बेटावर मथेंगे नाही. असलीच तर एखादं रोप, आणि ते दिसलं की पोरंसोरंसुद्धा उपटून टाकतात. खडकांतून गवत होतं, बारीक पण हिरवं, आणि तिथल्या शेळ्या ते तोडताना आवाज येत होता. करकर असा. मी तो आवाज कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता. लेमायनही थांबून ऐकत होता.

नाशिपाईच्या घरच्यांनी दूध दिलं, मासे दिले, पाऊसपाण्याचं विचारलं. नाशिपाई दारात उभी होती, लाल मण्यांचे हार घालून, आमच्याकडे न बघता. सगळं रीतीनं चाललं होतं. मग तिचे आजोबा उठले. हातात काठी, डोळे अधू. ते मेंढ्याला हातांनीच बघत होते. कान चाचपले, शिंगं चाचपली, चारही पाय वाकवून बघितले, पाठीवर उलटा हात फिरवला. शेपूट तळहातावर तोलली आणि "अरे वा" म्हणाले. थोरले बाबा ताठ बसले.

आजोबांचा हात पुढे आला आणि त्यांनी मेंढ्याचा ओठ वर केला.

थोरले बाबा म्हणाले, "वचनाच्या जनावराचं तोंड उघडत नाहीत."

"इकडचं जनावर असतं तर उघडलं नसतं," आजोबा म्हणाले. आवाज अगदी मऊ होता.

त्यांनी बोट आत घातलं. मेंढा मागे सरला, कण्हला. बोट बाहेर काढून त्यांनी गवताला पुसलं. मी बघितलं. समोर दोन काळे खुंट, बाकी सुजलेली हिरडी. मऊ, गोड, कुटून घातलेलं जे त्यानं जन्मभर खाल्लं, ते तिथंच चिकटून राहिलं होतं. ते खरवडून काढायला गवताची एक काडी त्याच्या तोंडात कधी गेली नव्हती.

 मग थोरले बाबा खाकरून म्हणाले की दुसरा आणू. आजोबांनी विचारलं, दात असलेला मेंढा तुमच्या काठावर कोणाकडे आहे? हातात काठी धरलेला म्हातारा आमच्यात खोटं बोलत नाही. थोरले बाबा आपल्या हातातल्या काठीकडे बघत राहिले.

"मेंढ्याचं राहू द्या," आजोबा म्हणाले. "मेंढा काय, आम्ही आमचा कापला असता. कोणाला सांगितलंही नसतं. पण मला एक सांगा. जिथं मेंढ्याचं तोंड असं होतं, तिथं आमची पोरगी काय खाणार? तिच्या शेळ्या काय खाणार? तिची पोरं कुठं खेळणार?"

मला वाटलं होतं की ते भांडतील, टोमणे मारतील. मारले असते तर आम्हीही चार शब्द मारले असते. पण ते खरं बोलत होते आणि आम्हाला ते घरूनच माहीत होतं. राग यायला सुद्धा समोर कोणीतरी लागतं. ज्यांच्यावर यायला हवा ते लांब शहरात पेन्शन खात बसलेत.

आजोबांनी लेमायनला विचारलं, इकडे राहायला येतोस का? पोरगा चांगला आहेस, होडी शिक, जागा देतो. नाशिपाईनं तेव्हा पहिल्यांदा वर बघितलं. सासऱ्याच्या दारात राहणारा पुरुष आमच्यात हसण्यावारी जातो, पण ते एक वेळ सोसलं असतं.  लेमायन म्हणाला, "बाबांना एक पाय आहे. कोळसा मी पाडतो."

आजोबांनी मान हलवली. हे उत्तर त्यांना आवडलं, आणि त्यानंच सगळं संपलं.

निघताना नाशिपाईच्या आईनं गवताचा एक भारा कापून होडीत टाकला. "वाटेत खाईल," ती म्हणाली. मेंढ्याबद्दल म्हणाली. लेमायनकडे तिला बघवलं नाही.

 परतताना होडीवाल्यानंही चेष्टा केली नाही, आणि तो माणूस अंत्ययात्रेतही थट्टा करतो. ऊन कलतं झालं होतं. काठ जवळ आला तशी नोलारीआई दगडावर दिसली, सकाळी बसली होती तशीच. ती उभी राहिली. होडीत मेंढा उभा होता आणि तो लांबूनही दिसतो, एवढा तो मोठा होता. ती पुन्हा बसली.

सांगायचं काम माझ्यावर आलं. लेमायन कुऱ्हाड घेऊन सरळ पुढे गेला. मी सगळं सांगितलं, पोरगी काय खाणार हे आजोबांचं बोलणं तेवढं गाळलं. ती ऐकून घेत होती. मग तिनं विचारलं, "पोरगी काय म्हणाली?"

"काही नाही. वर बघितलं."

"कधी?"

"त्याला राहायला बोलावलं तेव्हा."

तिनं मान डोलावली. मेंढ्याला जवळ ओढलं, त्याचा ओठ वर केला आणि बोट आत घातलं. इतके दिवस जे टाळलं ते एका क्षणात केलं. हिरडीवरून बोट हळूहळू फिरवत राहिली, लहान पोराचा दात आला का बघतात तसं.

"मी बिया काढत होते," ती म्हणाली. "एकूण एक."

मग तिची नजर गवताच्या भाऱ्यावर गेली. तिनं त्यातलं मूठभर घेऊन मेंढ्यापुढे धरलं. त्यानं हुंगलं, ओठांत घेतलं, तोडायला मान झटकली. गवत तसंच बाहेर आलं, ओलं होऊन. त्यानं पुन्हा घेतलं. पुन्हा पडलं. मला वाटलं ती आता थांबेल. ती थांबेना. शेवटी मेंढ्यानंच तोंड फिरवलं.

घरी जाताना त्याला उचलायला मी खाली वाकलो.

"चालू दे त्याला," ती म्हणाली. "आता कशाला?"

मेंढा चालत आला. काट्यांनी त्याच्या कुशीवर दोन ओरखडे काढले. ती मागे चालत होती आणि फांद्या कोणी बाजूला केल्या नाहीत.

घरी नवरा सावलीत बसला होता. मेंढा परत आलेला बघून त्याला सगळं कळलं. तो म्हणाला, "आज मटण खाऊ मग." विनोद करायचा होता त्याला. कोणी हसलं नाही तेव्हा म्हणाला, "मी खाऊ शकतो. मला दात आहेत." आणि तोंड पलीकडे वळवलं.

नासिएकू कुंपणापाशी आली होती. ती काही विचारणार असं मला वाटलं. ती आत आली, कोपऱ्यातली शेंगांची टोपली ओढली आणि बसून बिया काढायला लागली.

"नको काढूस," नोलारीआई म्हणाली. "काही उपयोग नाही."

"हाताला सवय आहे," नासिएकू म्हणाली आणि काढत राहिली.

रानातून लेमायनच्या कुऱ्हाडीचा आवाज येत होता. तोडेल तेवढी दहापट वाढते हे त्याला माहीत आहे. तरी कोळशाला लाकूड लागतंच. मेंढा सकाळपासून उपाशी होता. तो दाव्याशिवायच घरामागे गेला आणि उखळापाशी जाऊन उभा राहिला. नोलारीआई थोडा वेळ त्याच्याकडे बघत होती. मग तिनं दंडावरचं वाळलेलं रक्त पदरानं पुसलं, उखळात मूठभर शेंगा टाकल्या आणि मुसळ उचललं.