सराव पाठाच्या कॅमेऱ्याची कैफियत

मित्रांनो, कपाटाच्या खालच्या फळीवर, खडूंच्या खोक्यामागे एक काळा, बोजड व्हिडिओ कॅमेरा दिसतोय ना? तोच मी. हसू नका बरं! एके काळी माझ्यासमोर उभं राहताना भल्याभल्यांचे पाय लटपटायचे.

कारखान्यातल्या बाईंनी मला पुसून खोक्यात ठेवलं, तेव्हा वाटलं होतं, आता लग्नं बघायची, सहलींना जायचं. कसलं काय! मी येऊन पडलो एका महाविद्यालयात. इथे परदेशी भाषांचे भावी शिक्षक शिकायला येतात. पदवी झालेली असते, स्पॅनिश, फ्रेंच, जर्मन फाडफाड बोलता येत असतं. पण समोर पोरं बसली की बोबडी वळते. म्हणून शेजारच्या शाळेतली मुलं बोलावून या भावी शिक्षकांना त्यांच्यासमोर सराव पाठ घ्यायला लावतात. मी तो पाठ टिपायचा. मग पडदे ओढून सगळे तो बघायचे. "अगंबाई, मी एवढे हातवारे करते?" म्हणून कुणीतरी तोंड लपवायचं आणि बाकीचे खो खो हसायचे. फार मजेचे दिवस होते ते.

या वर्गाचा एक नियम होता. दार लागलं की आपल्या भाषेतला शब्द काढायचा नाही, शिक्षकांनीही नाही आणि मुलांनीही नाही. खाणाखुणा करा, चित्रं दाखवा, हवं तर नाचा. पण बोलायचं ते नव्या भाषेतच. मार्गदर्शक मॅडम याबाबतीत भारी कडक होत्या.

सुरुवातीला माझं कौतुक काय विचारता! मऊ फडकं, स्वतंत्र पिशवी, पावसाळ्यात प्लॅस्टिकचं आवरण. मग नवा कॅमेरा आला आणि मला कुणी विचारेना. टेप फिरताना माझ्या पोटात कुरकुर व्हायची. "जुनं झालंय, चालायचंच," म्हणून सगळे सोडून द्यायचे. मला उघडून साफ करायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

आणि मग आला ताईचा पाठ. ताई वर्गात सगळ्यांत मोठी, म्हणून सगळे तिला ताईच म्हणायचे. घरी शाळकरी मुलगा होता. चांगली कचेरीतली नोकरी सोडून ती स्पॅनिशची शिक्षिका व्हायला निघाली होती. पहिल्या पाठात मुलांनी दंगा केला आणि तिच्या तोंडून "अरे, गप्प बसा ना!" निसटलं. झालं, नापास! आता ही शेवटची संधी होती. दुसऱ्या दिवसापासून शाळेला सुट्टी लागणार होती आणि बाहेरचे परीक्षक फक्त टेप बघून गुण देत. नापास झाली तर वर्ष वाया जाणार होतं, आणि एका शाळेने तिच्यासाठी जागा धरून ठेवली होती, तीही जाणार होती.

नवा कॅमेरा नेमका कुणाच्या तरी सत्काराला गेला होता. "हा म्हातारा चालेल का गं?" मॅडमनी विचारलं.

"चालवून घेऊ, मॅडम." ताईने मला खिडकीपाशी उभं केलं, बटण दाबलं, माझ्या पाठीवरचा लाल दिवा लागलेला पाहिला आणि दार लावलं.

काय शिकवलं हो तिने! कागदी फळांचा बाजार मांडला. कुणी दुकानदार, कुणी गिऱ्हाईक. एरवी तोंडातून अक्षर न काढणारं पोरगंसुद्धा स्पॅनिशमध्ये संत्री मागायला लागलं. मागच्या बाकावर मॅडम लिहायचंच विसरल्या. आणि तेवढ्यात माझ्या पोटात टेप गुंतली. लाल दिवा विझला.

मित्रांनो, माझा जीव नुसता तळमळत होता. मला ओरडता येईना, हलता येईना.

माझ्या बाजूला पहिल्या बाकावर एक चष्मेवाली मुलगी बसली होती. दिवा तिथूनच दिसायचा. तिने तोंड उघडलं, तर ताईने हसून ओठांवर बोट ठेवलं. नियम म्हणजे नियम! त्या मुलीला स्पॅनिशमध्ये फळांची नावं तेवढी येत होती. बिचारीने माझ्याकडे बोट दाखवलं.

ताईला आनंद झाला. पोरीला नवा शब्द हवाय! "ला कामारा!" ती म्हणाली. सगळा वर्ग ओरडला, "ला कामारा!"

मुलीने जोरजोरात नकारार्थी मान हलवली. उठून आली, माझ्या पाठीवर टकटक केलं. "मुय ब्येन!" म्हणजे शाब्बास, म्हणत ताईने तिच्या हातात बक्षीस म्हणून कागदी संत्रं ठेवलं आणि तिला जागेवर बसवलं. ते संत्रं हातात धरून पोरगी रडवेली होऊन बसली.

पाठ संपला. मॅडम धावत पुढे आल्या. "आज तू खरी शिक्षिका झालीस गं!" मग त्यांनी मला उघडलं. आतून टेपचा गुंता बाहेर आला. ताईने तो गुंता हातात घेतला.

मॅडमनी परीक्षकांना फोन केला, खूप गयावया केली. मग फोन ठेवला. "मी डोळ्यांनी पाहिलंय गं. पण माझ्या पाहण्याला गुण नाहीत."

चष्मेवाली दारात घुटमळत होती. ताईने तिला जवळ बोलावलं. "बाळा, दिवा विझलेला तुला दिसला होता?"

"हो ताई. मी सांगत होते ना! पण आपल्या भाषेत बोलायचं नव्हतं."

ताईने तिला पोटाशी धरलं. मग ती म्हणाली, "मॅडम, वर्षाचं काय ते बघेन मी. पण आज नुसता दिवा विझला होता. हिच्या पोटात कळ आली असती तर? तरी मी शाब्बासच म्हटलं असतं."

मॅडमनी मला उचलून खडूंच्या खोक्यामागे ठेवलं.

त्या दिवसापासून मी या कपाटात आहे. ताई पुन्हा आली की नाही, मला ठाऊक नाही. इथून काही दिसत नाही. मित्रांनो, यंत्र कुरकुरलं तर त्याला वेळेवर उघडा, पुसा. आणि उद्या तुम्ही कुणाला शिकवायला उभे राहिलात, आणि समोरचं लेकरू पुन्हा पुन्हा बोट दाखवू लागलं, तर धडा थांबवा. त्याच्या भाषेत विचारा, "काय झालं रे बाळा?" तेवढ्याने कुठलीच भाषा बुडत नाही.