राक्षसाचं काम

घरात आम्ही लेकीला चिमणी म्हणतो. आता ही चिमणी पहिलीतल्या बाकीच्या पोरांपेक्षा वीतभर उंच आणि दुप्पट रुंद आहे, त्याला कोण काय करणार? आमचं घराणंच आडव्या हाडाचं. मी घरसामान हलवायचं काम करतो. कपाट एकटाच पाठीवर घेतो म्हणून कामावर सगळे मला क्रेन म्हणतात, आणि मीही हसतो. लोकांनी हसायच्या आत आपण हसून घेतलं की लागत नाही, हे माझं जुनं शहाणपण.

शाळेत दर शुक्रवारी जुन्या गोष्टींचा तास असतो. देवांच्या, राजांच्या, राक्षसांच्या गोष्टी. बाई सांगतात आणि मुलं त्या करून दाखवतात. प्रत्येक गोष्टीत राक्षस आमची चिमणीच. मला केवढा अभिमान! गुरुवारी संध्याकाळी मी तिला काजळाच्या मिशा काढायचो, गुरगुरायला शिकवायचो.

"मेल्यावर धाडकन पडायचं," मी सांगायचो. "आणि मग हळूच एक डोळा किलकिला करून बघायचं, लोक हसतायत ना."

"तिला काय व्हायचंय, हे एकदा विचार तरी," बायको म्हणाली.

"अगं, राजकन्या नुसती उभी असते. खरं काम राक्षसालाच!" मी तिला उडवून लावलं.

या शुक्रवारी पालकांनाही बोलावलं होतं. मी कामावरून तसाच गेलो आणि पोरांच्या बुटक्या खुर्चीत कसाबसा मावलो. चिमणीने काय डरकाळी फोडली! राजपुत्राने पुठ्ठ्याची तलवार मारली, ती धाडकन पडली. मग गोष्टीत नव्हतं तरी बाकीच्या पोरांनी एकेक लाथ घालून घेतली. एक पठ्ठ्या तर तिच्या पोटावर पाय देऊन उभा राहिला. सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने मीच. शेजारी बसलेल्या कुणाच्या तरी आजोबांना कोपराने ढोसून म्हणालो, "माझी पोर!"

वेळ उरला म्हणून बाईंनी आणखी एक गोष्ट घेतली, हरवलेल्या चंद्राला शोधायला निघालेल्या चांदण्यांची.

"कोण कोण होणार चांदणी?"

झाडून सगळे हात वर गेले. चिमणीचाही गेला, अगदी कानाला चिकटलेला, ताठ. बाई कागदी चांदण्या वाटत तिच्यापर्यंत येईतो चांदण्या संपल्या. तिने हात खाली घेतला. जरा वेळ उभी राहिली. मग वर्गाच्या मधोमध आली आणि धाडकन पडली.

"अगं, ऊठ," बाई म्हणाल्या, "या गोष्टीत राक्षस नाहीये."

"चालेल बाई," ती पडल्या पडल्या म्हणाली. "मी आधीच मेलेय."

हशा पिकला. आणि सवयीने मीही खो खो हसलो. तेवढ्यात तिचा तो ताठ हात डोळ्यांपुढे आला आणि मला स्वतःची इतकी लाज वाटली की त्या खुर्चीसकट जमिनीत गेलो असतो तर बरं झालं असतं. पण हसू तोंडावर तसंच अडकून बसलं होतं.

चिमणीने एक डोळा किलकिला केला. बाईंकडे पाहिलं नाही, पोरांकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. बाबा हसतोय, एवढी खात्री करून घेतली आणि तिने डोळा मिटला.