सरवा

"इंग्रजबी सरवा वेचायचे?" बाईजाआतेनं वाकूनच विचारलं.

मी बांधावर मोबाईल घेऊन बसलो होतो. रोज एक इंग्रजी शब्द शिकतो. आजचा होता ‘ग्लीन’. कापणीनंतर शेतात पडलेल्या लोंब्या वेचणं. म्हणजे आमचा सरवाच. शब्द फ्रेंचमधून आलेला, त्याआधी लॅटिन, त्याच्या मागचं कुणालाच नक्की ठाऊक नाही.

"आता माहिती गोळा करायला वापरतात तो," मी म्हणालो.

"माहितीची पेज होते का रे, हरेश?"

डोळखांबकडच्या आमच्या पाड्यात सरव्याला मालकाला विचारत नाहीत. पडलेलं ते वेचणाऱ्याचं. हे शेत यंदा शहरातल्या शेठनं घेतलं, तरी आते आलीच. तिची शीतल बाळंतपणाला माहेरी आलेली. तिला नव्या तांदळाची पेज द्यायची होती.

शेतात एकही पाखरू उतरत नव्हतं. मी बघत होतो, पण मनात काही आलं नाही.

राखणदार कमळू आला. "बाईजा, बिळं उकरू नको हां."

उंदीर लोंब्या ओढून बिळात साठवतात. आते दरवर्षी हात घालून त्या काढते.

"का रं? उंदरानं तक्रार केली तुझ्याकडं?"

कमळू हसला नाही. "शेठनं औषध घातलंय बिळांत. काल."

आतेनं आपल्या ओटीकडं बघितलं. बोटांना काळी पूड होती.

"सकाळच्या लोंब्या मी शीतलकडं दिल्यात," ती म्हणाली आणि ओटी घट्ट धरून पळत सुटली.

मी मागून पळत शीतलला फोन लावला. नुसता वाजत राहिला.

शीतल उंबऱ्यावर बसली होती. "काय झालं गो आये? पेज निवत ठेवलीय. मळमळतंय, म्हून खाल्ली नाय अजून. कणी तेवढी कोंबडीला टाकली."

परसात कोंबडी आडवी पडली होती. पाय ताठ.

मी खड्डा खणला. आतेनं पेज ओतली, उरलेला तांदूळ ओतला, ओटी रिकामी केली, वर कोंबडी ठेवली. माती लोटून धोंडा बसवला. मग राखेनं हात घासत राहिली.

"हरेश, त्या इंग्रजांचे शेठ औषध टाकायचे का रे?"

मोबाईलमध्ये तेवढं नव्हतं.

तिच्या पदराला एक लोंबी अडकलेली होती. तिनं ती सोडवली, दाणे चाचपले. वाकून धोंडा उचलला आणि तीही खाली सारली.