नालोंगोचा प्रोसेसर

नालोंगोने दोन्ही खोकी चटईवर शेजारी शेजारी ठेवली आणि सुरीने त्यांच्या चिकटपट्ट्या कापल्या. एकातून मदरबोर्ड निघाला, दुसऱ्यातून प्रोसेसर. समोर बसलेल्या तिच्या जुळ्या मुलांनी माना पुढे काढल्या आणि दोघांचेही चेहरे एकदमच पडले.

"आई, बोर्ड एएमडीवाला आहे," वास्वा म्हणाला.

"आणि प्रोसेसर इंटेलचा," काटो म्हणाला. "ह्याच्यात तो बसायचा नाही. जन्मात नाही."

"मला शिकवू नका. स्क्रूड्रायव्हर कुठून धरायचा ते कुणी शिकवलं तुम्हाला?"

हे खरं होतं. मुलीच्या अंगणात लग्न ठरवायला पाहुणे जमतात, त्या क्वांजुलांचे व्हिडिओ जोडण्यात कंपालात नालोंगोचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिच्या मशीनमध्ये काय आहे ते विचारल्याशिवाय वांडेगेयातले व्हिडिओवाले साधी केबलसुद्धा घेत नसत. आणि सगळी पंचाईत तिथेच होती. एकत्र काढलेल्या दुकानात मुलांचं भांडण झालं आणि मधोमध प्लायवूडची भिंत उभी राहिली. अलीकडे वास्वा इंटेल विकतो, पलीकडे काटो एएमडी. आईचा जुना कॉम्प्युटर आता चार कॅमेऱ्यांचं चित्र एकत्र आलं की धापा टाकायचा, आणि ती कुणाच्या दाराशी थांबते इकडे दोघांचेही डोळे लागले होते.

काटोने तर सांगूनच टाकलं होतं, "त्याचा माल घेतलास तर मी दुकान उचलून सीमेपार जुबाला जाईन. मग रविवारी एकच ताट मांड." वास्वा काही बोलला नव्हता. तो न बोलता रुसतो, आणि तो रुसवा जास्त टिकतो.

जुळ्यांच्या आईला नालोंगो म्हणतात, पण तो मान फुकटचा नाही. एकाला दिलं की दुसऱ्यालाही द्यायचं, तेवढंच आणि त्याच वेळी. नाहीतर ज्याला कमी मिळालं त्याचा राग घराला लागतो. हे ती मानत होती असं नाही, पण उगाच परीक्षा कोण बघतो? एकाच ताग्यातले शर्ट, माशाचे मधोमध दोन तुकडे. एकाला थोबाडीत दिली तर दुसऱ्यालाही, तो झोपलेला असला तरी.

सकाळी ती बाजारात गेली तेव्हा आपल्या कामाला काय लागतं हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी वास्वाकडून प्रोसेसर घेऊन ती बाहेर पडली, भिंतीला वळसा घालून काटोकडे गेली आणि त्याच्याकडून बोर्ड घेतला. बाकीचं न्यायला आई येईलच, म्हणून दोघेही खूश. दोन मांड्यांवर दोन खोकी घेऊन बोडावर, भाड्याच्या मोटारसायकलवर, मागे बसल्यावर तिच्या लक्षात आलं की हातांनी सवयीने वाटणी करून टाकली होती. ती एवढ्या मोठ्याने हसली की बोडावाल्याने मान वळवून पाहिलं. परत मात्र ती गेली नाही. तिने दोघांनाही फोन करून जेवायला बोलावलं.

"म्हणजे चुकलीस," चटईवरच्या खोक्यांकडे बघत वास्वा म्हणाला.

"चुकले. आता तुम्ही निस्तरा. एक खोकं परत जाईल. कुठलं, ते दोघांनी मिळून सांगायचं. तोवर पातेल्यावरचं केळीचं पान मी उचलणार नाही."

"ही काय जबरदस्ती आहे?"

"आहे. आणि दाण्याची आमटी गार होतेय."

मग जी जुंपली, ती शेजारणीने खिडकी उघडेपर्यंत. वास्वाचं म्हणणं, जुन्या बोर्डवर हा प्रोसेसर छान बसतो, बाकी कशाला हात लावायला नको. काटोचं म्हणणं, त्या बोर्डची धाव इथेच संपली, त्याला आता कितीही नटवा. "तुझा माल म्हणजे म्हाताऱ्याला नवा कोट," तो म्हणाला. "आणि तुझा म्हणजे एक बटण तुटलं म्हणून नवं घर," वास्वाने ऐकवलं. बोलता बोलता त्यांनी टेबलाखालून कॉम्प्युटर ओढला, झाकण काढलं आणि दोघेही आत डोकावले. आवाज हळूहळू खाली आले.

"आई, कॅमेरे चारच ना?" वास्वाने विचारलं.

"चार. पुढच्या वर्षी सहा. आणि आता प्रत्येकाला वरून ड्रोन हवा असतो."

वास्वाने प्रोसेसर उचलला, उजेडात धरला, अंगठ्याने त्याची कड पुसली.

"मग हा पुरणार नाही," तो म्हणाला. "दोन वर्षांत परत माझ्या दारात येशील. नवा बोर्ड घ्यायचाच, तर ह्याचाच घे. पुढचा प्रोसेसरही त्यावर चढेल."

काटो त्याच्याकडे बघत राहिला. वास्वाने प्रोसेसर खोक्यात घातला आणि खोकं स्वतःच्या पिशवीत टाकलं.

नालोंगोने पिशवीचा बंद धरला. तिलाही मनातून हेच हवं होतं, आणि तरीही धरला. "थांब रे," ती घाईने म्हणाली. "मॉनिटर तुझ्याकडून घेते. आणि ती बॅटरी, लाइट गेल्यावर चालते ती..."

"आई, पुरे."

"पण तुला काहीच नाही—"

"मला नकोच आहे काही." वास्वा हसला. त्यात रुसवा नव्हता. तिने तो शोधला, पण सापडला नाही. "आजवर सगळं तूच देत आलीस. काटोला द्यायला माझ्यापाशी तू कधी काही उरूच दिलं नाहीस."

काटोने बोर्ड खोक्यात ठेवला, नको इतका वेळ लावून. मग तो उठला आणि पातेल्यावरचं पान त्यानेच बाजूला केलं. वाफ वर आली. त्याने उकडलेल्या केळ्यांच्या मटोकेचा मोठा गोळा भावाच्या ताटात घातला, त्यावर दाण्याची आमटी ओतली, आणि राहिलेला लहान गोळा स्वतःच्या ताटात घेतला.

नालोंगोचा हात पळीकडे गेला. मग तिने तो मागे घेतला आणि मांडीवर ठेवला.