उजवा कौल

“देवा, केतकीने कोचीची नोकरी घ्यायची असेल तर उजवा दे, नसेल तर डावा,” असं म्हणून विश्वनाथांनी हात जोडले आणि डोळे मिटले. प्रभाताईंनी मात्र आज उघडेच ठेवले.

कोकणातून फरीदाबादला आणलेल्या देवाच्या काळ्या पाषाणावर दोन ओल्या पाकळ्या चिकटवल्या होत्या. आधी गळेल ती देवाचा शब्द. केंद्र सरकारात हयात घालवलेल्या विश्वनाथांच्या घरात त्या शब्दावर अपील नव्हतं.

डावी पाकळी सुकून कडेने उचलली गेली. उजवी ढिम्म! प्रभाताईंच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. पाकळ्या लावायच्या त्या नुसत्या पाण्याने. मग प्रत्येक कौलानंतर देव धुताना उजव्या अंगालाच गंधाचा डाग का असायचा? इतकी वर्षं तो त्या मुकाट घासून काढत आल्या होत्या. दिल्लीत पहाडगंजच्या मराठी शाळेत त्यांना शिकवायला बोलावलं होतं, तेव्हाही डावाच पडला होता. नशिबातच नाही म्हणून त्यांनी पदर खोचला आणि पोळ्या लाटायला घेतल्या.

“आई, झालं का? आजच रिप्लाय करायचाय,” केतकी दारातून म्हणाली.

“अहो,” प्रभाताईंनी विचारलं, “उजवीला गंध लावलंत?”

विश्वनाथांनी डोळे उघडले. आधी चिडले, मग बायकोची नजर बघून वरमले.

“पोरगी इतक्या लांब एकटी राहणार. काळजी वाटते मला. आणि लावलं म्हणजे मी कोण लावणारा? हात माझा, बुद्धी त्याची. त्याच्या मर्जीशिवाय पान हलत नाही.”

“आणि माझ्या शाळेच्या वेळी?”

विश्वनाथ निरांजनाची वात सारखी करू लागले. ती मुळात सरळच होती.

प्रभाताईंना संताप आला आणि रडूही आलं. इतकी वर्षं त्या देवावर रुसल्या होत्या, आणि त्या बिचाऱ्याला कुणी काही विचारलंच नव्हतं.

त्यांनी हात पुढे केला आणि उजवी पाकळी नखाने सोडवून काढली.

“अगं, हे काय करतेस!”

“मी कुठे काय करतेय? त्याच्या मर्जीशिवाय पान हलत नाही ना? मग माझाही हात त्यानेच हलवला.” त्यांनी ती पाकळी केतकीच्या तळहातावर ठेवली. “उजवा दिलाय. कळव त्यांना.”

केतकीने आईकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं आणि फोन घेऊन बाल्कनीत गेली. विश्वनाथ चष्मा पुसत बाहेरच्या खोलीत जाऊन बसले.

प्रभाताईंनी फडकं ओलं केलं आणि देवाच्या उजव्या अंगावरचा डाग हळूहळू पुसून काढला. मग दारात कुणी नाही असं बघून त्यांनी अगदी हलक्या आवाजात विचारलं,

“मला जमलं असतं ना रे शिकवायला?”